गावानं वाळीत टाकलं, तर गुन्हेगार कोण?

लोहा : "त्यांच्याकडं कुणी जायचं नाही, त्यांना कुणी बोलवायचं नाही." बस, एवढं एक वाक्य पुरतं. त्याला शिक्का लागत नाही, सही लागत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारीण वाटीभर साखर मागायला येत नाही. मजूर निंदायला यायचं कबूल करून येत नाहीत. पोरीचं जमलेलं स्थळ अचानक "पुढच्या वर्षी बघू" म्हणतं. घरात मयत झाली तर खांदा द्यायला चार माणसं मिळत नाहीत. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही, पण ते घर गावात असूनही गावात राहत नाही.

याला आपण वाळीत टाकणं म्हणतो. रोटी-बेटी बंद, हुक्का-पाणी बंद ही त्याचीच नावं. पिढ्यान् पिढ्या ही शिक्षा समजली जायची. ज्याला ती मिळाली तो दोषी अन् ज्यांनी दिली ते पंच. ३ जुलै २०१७ पासून महाराष्ट्रात हे उलटं झालं आहे. त्या दिवसापासून वाळीत टाकणारा कायद्यानं गुन्हेगार आहे. आठ-नऊ वर्षं झाली, तरी आपल्या भागातल्या पुष्कळ गावांत ही गोष्ट पोहोचलेली नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत. कायदा काय म्हणतो ते पुढं आहेच. पण आधी मुळातला प्रश्न: एखादं वागणं "वाईट" आहे हे ठरवतं कोण?

दोन तराजू

आपल्याकडं एकाच वेळी दोन तराजू चालतात. एक कायद्याचा अन् दुसरा चार लोकांचा. बऱ्याचदा दोन्ही एकच वजन दाखवतात. चोरी केली, खून केला, दुसऱ्याचा बांध कोरला, तर कायदाही वाईट म्हणतो अन् गावही. अडचण येते ती दोघांचं जुळत नाही तेव्हा.

एक उदाहरण घ्या. एकवीस-बावीस वर्षांची मुलगी घरच्यांच्या मनाविरुद्ध दुसऱ्या जातीतल्या सज्ञान मुलाशी नोंदणी लग्न करते. कायद्याच्या नजरेत तिनं काहीच चुकीचं केलेलं नाही. पण गावात तिच्या आईला नळावर पाणी भरताना मान खाली घालावी लागते अन् बाप पारावर बसायचं सोडतो. आता त्याच गावातलं दुसरं घर बघा. सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न उरकलं. "ऊसतोडीला जायचं आहे, मागं पोरगी कुणाजवळ ठेवायची?" असं म्हणून मुहूर्त काढला. मंडप पडला, वाजंत्री आली, पंगतीत गावातली मोठी माणसं जेवून गेली. कायद्यानं हा बालविवाह आहे. तो लावून देणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावाच्या तराजूत मात्र हे लग्न सोन्यासारखं अन् आधीचं कलंक.

हुंड्याचंही तसंच. १९६१ पासून देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे, पण हुंडा घेतला म्हणून कुणाला पंगतीतून उठवलेलं आपण तरी पाहिलेलं नाही.

म्हणजे गाव कशाला "वाईट" म्हणतं हे नुकसानीवरून ठरत नाही. पोटजातीची रेघ कुणी ओलांडली, बाईनं स्वतःच्या मनानं काही ठरवलं, पंचांच्या शब्दाला कुणी "का?" म्हणून विचारलं, यावरून ते बहुतेक वेळा ठरतं. हे कटू वाटेल, पण वाळीत टाकण्याच्या तक्रारी कशावरून होतात ते बघा. आंतरजातीय लग्न, विधवेचं किंवा घटस्फोटितेचं दुसरं लग्न, पंचांनी लावलेला दंड न भरणं, समाजाच्या भांडणात पोलिसांत जाणं, निवडणुकीत पंचांनी सांगितलेल्या माणसाला मत न देणं. दारू पिऊन बायकोला मारतो म्हणून कुणाला वाळीत टाकल्याची तक्रार शोधून सापडायची नाही.

चहा पिणं हाही अपराध होता

ही रेघ देवानं आखलेली नाही, ती सरकत असते. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली नामांकित मंडळी गेली होती. तिथं पाद्र्यांनी चहा-बिस्किटं दिली. कुणी घेतली, कुणी नुसती पुढं ठेवून दिली. नंतर हजर असलेल्यांची नावं छापून आली अन् गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्ताचा निकाल आला. या यादीत लोकमान्य टिळक होते अन् न्यायमूर्ती रानडेही होते. ज्यांचे पुतळे आज चौकाचौकात आहेत, त्यांच्यावर चहावरून ग्रामण्य झालं होतं. ग्रामण्य म्हणजे जातीनं एखाद्याला बाहेर काढण्याचा खटला. आज आपण बसस्टँडवर कटिंग मारताना कप कुणी धुतला ते विचारतसुद्धा नाही.

तीन वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. विधवा विवाहाला कायद्यानं १८५६ सालीच मान्यता मिळाली होती. म्हणजे सदतीस वर्षं कायदा "चालेल" म्हणत होता. तरी कोकणातल्या त्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. गावी राहणाऱ्या त्यांच्या घरच्या माणसांनाही त्याचे चटके बसले. याच कर्व्यांनी पुढं बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं अन् १९५८ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, त्यांना भारतरत्न मिळालं.

अन् आपल्या मराठवाड्याला तर याहून जुनी गोष्ट पाठ आहे. संन्यास घेतलेले विठ्ठलपंत परत संसारात आले म्हणून त्यांच्या घराला वाळीत टाकलं. परंपरा सांगते की आई-बापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं अन् लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढं उभं राहावं लागलं. त्या लेकरांत ज्ञानोबा होते. आपण दरवर्षी त्यांची पालखी खांद्यावर घेतो. त्या काळी निकाल देणाऱ्या एकाही पंचाचं नाव आज कुणाला सांगता येत नाही.

कायद्याची रेघही सरकतेच. समलिंगी संबंध गुन्हा होता, सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरता तो काढला. त्याच महिन्यात व्यभिचाराचं जुनं कलमही रद्द झालं. उलट बायकोला मारहाण ही कधी काळी "घरातली भानगड" होती. १९८३ साली ४९८-अ आलं अन् तो गुन्हा झाला.

मग गावानं काहीच बोलायचं नाही का?

बोलायचं. आम्ही तरी असं म्हणणार नाही की चार लोकांच्या धाकाची गरजच नाही.

फ्रान्समध्ये एमिल दुर्खीम नावाचे समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. ते १८९५ च्या सुमारास लिहून गेले की गुन्हा नाही असा समाजच नसतो. नुसत्या साधुसंतांची वस्ती केली तरी तिथं बारीकसारीक चुकांनाच मोठा अपराध मानलं जाईल. कारण "हे चालणार नाही" असं सगळ्यांनी मिळून म्हटलं की "आपण" म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळतं. दोषीला शिक्षा करता करता बाकीचे एकमेकांना घट्ट धरतात. पारावर एखाद्याची निंदा रंगते तेव्हा बसलेल्यांची गट्टी कशी जमते, ते आठवा म्हणजे पटेल.

हा धाक उपयोगीही पडतो. पोलीस ठाणं वीस किलोमीटरवर, तिथं माणसं मोजकी. गावात रोज शांतता राहते ती त्यांच्यामुळं कमी अन् "लोक काय म्हणतील" यामुळं जास्त. उभ्या पिकात जनावर सोडणाऱ्याला, विहिरीत घाण टाकणाऱ्याला, म्हाताऱ्या आईला उपाशी ठेवणाऱ्याला गावानं बोलावंच. "जनाची नाही तर मनाची" ही म्हण उगाच आलेली नाही.

गावाच्या या ताकदीला सरकारनंही कायदेशीर वाट करून दिली आहे. दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान होतं, ती "आडवी बाटली" तुम्हाला माहीतच असेल. मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान उठतं. हाही गावानं घातलेला बंधच आहे, पण त्यात गुप्त मतदान आहे, अधिकारी आहे, नियम आहे. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कितीतरी गावांत तंटामुक्ती समितीनं बांधाची भांडणं मिटवली. काही ठिकाणी तर पळून गेलेल्या पोरा-पोरींना परत बोलावून समितीनंच पुढं होऊन लग्नं लावली. आता काही समित्या नुसत्या फलकावर उरल्यात, ती गोष्ट वेगळी.

बोलणं, समजावणं, समितीत बसून मिटवणं एका बाजूला. माणसाचं पाणी, मजुरी, लग्न, मयत, देऊळ बंद करणं दुसऱ्या बाजूला. आताचा कायदा या दोहोंच्या मधोमध रेघ ओढतो.

कपाळावरचा शिक्का

अमेरिकेतले हॉवर्ड बेकर यांनी १९६३ साली आणखी एक गोष्ट मांडली. त्यांचं म्हणणं असं, की "वाईट" हा गुण कृत्यात नसतो, लोक शिक्का मारतात तेव्हा तो चिकटतो. एकदा शिक्का बसला की माणसाला दुसरं काही होताच येत नाही.

हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात माणसानं काय केलं हे बघायचंच नव्हतं, तो कोणत्या जमातीत जन्मला एवढं पुरे होतं. यादीतल्या जमातींना पोलिसांत हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, काही ठिकाणी तर तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत राहायचं. पाळण्यातलं लेकरूही गुन्हेगार. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. म्हणून या जमातींना विमुक्त म्हणतात अन् तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

कायदा गेला, शिक्का राहिला. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' हे आत्मकथन लिहिलं ते याच शिक्क्याखाली जगण्याबद्दल. १९८८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आजही गावात चोरी झाली की पहिली नजर पालाकडं जाते. चोरीचा तपास नंतर, पाल उठवणं आधी.

यात एक गुंता आहे अन् तो झाकून चालणार नाही. ज्या समाजांवर बाहेरून शिक्का बसला, पोलीस अन् कोर्ट म्हणजे मारच असा अनुभव आला, त्यांनी आपला न्याय आपल्या पंचांकडं ठेवला. आपल्या तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला भटक्या जमातीचे लोक लांबलांबून येतात. जनावरांचा बाजार, सोयरिकी अन् त्यासोबत समाजाच्या बैठका, असं ते जुनं चालत आलेलं आहे. फिरत्या माणसांना वर्षातून एकदा भेटायची तीच जागा. तिथं भांडणं मिटायची, सोयरिकी जमायच्या. म्हणून "जातपंचायत म्हणजे नुसता अन्याय" असं एका फटक्यात म्हणणं सोपं आहे, पण अर्धवट आहे. अन् "ती फक्त भटक्यांतच असते" हे तर साफ चूक. पंचायत हे नाव न घेता समाजाची "कमिटी", "मंडळ", "भावकीची बैठक" या नावानं तेच काम मोठ्या म्हणवणाऱ्या जातींतही चालतं.

पण पंचच तक्रारदार, पंचच न्यायाधीश अन् दंडाचे पैसेही पंचांकडं, अशी व्यवस्था झाली की "पंचामुखी परमेश्वर" नावापुरता राहतो. बाईला बैठकीत बोलायची मुभा नाही अन् निकाल मात्र तिच्याच अब्रूचा. कंजारभाट समाजातल्या तरुणांनी २०१८ च्या सुमाराला नवरीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध उघड मोहीम काढली. त्यात त्याच समाजातली शिकलेली पोरं-पोरी पुढं होती. त्यांनाच आधी समाजाचा रोष सहन करावा लागला.

कायदा आला कसा

पहिला प्रयत्न फार जुना आहे. मुंबई राज्यानं १९४९ सालीच बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं अन् १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं तो रद्द केला. धार्मिक कारणावरून समाजाबाहेर काढण्याचा अधिकार हा धर्माच्या कारभाराचा भाग आहे, असं बहुमताचं म्हणणं पडलं. हा वाद अजून मिटलेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी तो नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडं पाठवला.

मधली पन्नास वर्षं महाराष्ट्रात वाळीत टाकण्याविरुद्ध वेगळा कायदाच नव्हता. २०१३ साली नाशिकमध्ये एका बापानं आपल्या गरोदर लेकीचा गळा आवळला. तिनं दुसऱ्या जातीत लग्न केलं होतं अन् त्यामागं जातपंचायतीचा दबाव असल्याचं पुढं आलं. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींविरुद्ध मोहीम हाती घेतली अन् वाळीत पडलेली घरं राज्यभरातून पुढं येऊन बोलू लागली. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, पण मोहीम थांबली नाही. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळाली अन् ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध असा स्वतंत्र कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पुढं राहिला.

कायद्यात आहे काय

लग्न, मयत, इतर विधी करू न देणं किंवा त्यात सामील होऊ न देणं. समाजाच्या देवळात, सभागृहात, स्मशानात येऊ न देणं. बोलणं-चालणं, धंदा-व्यवहार तोडायला लावणं. शाळा, दवाखाना अशा सोयींपासून अडवणं. अमुकच कपडे घाला, अमुकच भाषा बोला अशी सक्ती करणं. समाजातून काढून टाकणं. हे सगळं बहिष्कारात येतं. तोंडी सांगितलं तरी येतं, लेखी ठराव असायलाच पाहिजे असं नाही. पंचायत नोंदणीकृत आहे की नाही यानंही फरक पडत नाही.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या पंचांनाच नाही, चिथावणी देणाऱ्याला अन् मदत करणाऱ्यालाही. "मी नुसता बैठकीला होतो, हात सगळ्यांनी वर केला म्हणून मीही केला" हे म्हणणं अंगाशी येऊ शकतं. वसूल झालेला दंड पूर्ण किंवा काही भाग पीडित घराला द्यायचा आदेश कोर्ट करू शकतं. बहिष्कारासाठी बैठक भरणार असल्याचं आधी कळलं तर जिल्हाधिकारी ती थांबवू शकतात. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवायचा असं कायद्यात लिहिलं आहे. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी तक्रार घ्यायलाच हवी. पण तो जामीनपात्रही आहे, म्हणजे आरोपीला लगेच जामीन मिळतो अन् संध्याकाळी तो परत त्याच गल्लीत असतो. तक्रार देताना ही गोष्ट मनाशी धरूनच चालावं. पीडिताची तयारी असेल तर कोर्टाच्या परवानगीनं तडजोडही करता येते. आमच्या मते ही तरतूद दुधारी आहे. गावात राहायचं तर तडजोड लागतेच, पण "तयारी" खुशीची की दबावाची हे कोर्टाला कागदावरून कसं कळणार?

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण यात हमखास घोटाळा होतो. हा कायदा एकाच समाजातल्या, एकाच जाती-धर्मातल्या माणसांनी आपल्याच माणसावर घातलेल्या बहिष्कारासाठी आहे. सवर्ण वस्तीनं दलित किंवा आदिवासी घराचं किराणा, दळण, मजुरी बंद केली, तर त्याला अॅट्रॉसिटीचा कायदा लागतो. २०१६ च्या जानेवारीपासून त्यात सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं अन् तशी धमकी देणं, दोन्ही स्पष्ट गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. तक्रार लिहिताना कोणता कायदा लागतो हे चुकलं तर पुढं वर्ष-वर्ष जातं. म्हणून अर्जात कोण कोणत्या समाजाचं, हे साफ लिहावं.

बाईवर "करणी करते", "भानामती करते" असा आळ घेऊन तिला तोडलं असेल तर आणखी वेगळा कायदा आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा अन् पाच ते पन्नास हजार दंड आहे. अन् सज्ञान मुला-मुलीच्या लग्नात कुणाही पंचायतीला आडवं येता येणार नाही, अशा जोडप्याला संरक्षण द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८ च्या निकालात सांगितलेलं आहे. प्रेमापायी घरच्यांनीच जीव घेतल्याच्या बातम्या आपल्या नांदेड जिल्ह्यातूनही आल्या आहेत, त्यामुळं हे लांबचं प्रकरण समजू नका.

व्हॉट्सअपच्या ग्रुपवरून काढलं तर?

हा प्रश्न आजकाल गंमतीनं विचारतात, पण त्यात तथ्य आहे. अॅडमिननं रागाच्या भरात नुसतं ग्रुपमधून काढलं, एवढ्यावरून गुन्हा होईल असं वाटत नाही. एखाद्यानं स्वतःच्या मर्जीनं तुमच्याशी बोलणं सोडलं, तुम्हाला लग्नाला बोलावलं नाही, तर तोही बहिष्कार नव्हे. कुणाशी बोलायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पण ग्रुपवर "आजपासून यांच्याशी संबंध ठेवणाऱ्याला एवढा दंड" असा मेसेज पडला, तर सगळ्यांना मिळून तोडायला लावलं जातंय याचा तो पुरावा. पूर्वी पंचांचा शब्द हवेत विरून जायचा. आता पंचच तो आपल्या हातानं टाइप करून ठेवतात! असा मेसेज आला तर तारीख, वेळ अन् पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. मूळ मेसेज पुसू नका, मोबाइल बदलायचा असला तर आधी बॅकअप घ्या. दंड भरला असेल तर फोनपे-गुगल पेची नोंद जपा. रोख दिला असेल तर कधी, कुणासमोर, किती, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

तक्रार पीडित माणूस किंवा त्याच्या घरचं कुणीही देऊ शकतं. आपल्या तालुक्यात लोहा, माळाकोळी, सोनखेड यांपैकी ज्या ठाण्याची हद्द असेल तिथं जा. हद्दीवरून परत पाठवत असतील तर सांगा, गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, नंतर तो योग्य ठाण्याकडं वर्ग होतो. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. गुन्हा नोंदवला तर त्याची प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतलाच नाही तर तोच अर्ज नांदेडच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा अन् पावती सांभाळा. तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं थेट जाता येतं. जिवाला धोका वाटत असेल तर अर्जाच्या भानगडीत न पडता आधी ११२ लावा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, १५१०० या नंबरवरही माहिती मिळते. बाया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग अन् कमी उत्पन्नाची घरं यांना वकील सरकारी खर्चानं मिळतो. बायांना तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही.

राहिला प्रश्न शेजाऱ्याचा. ज्याच्या घराला तोडलंय त्याच्याशी तुम्ही बोलत राहिलात म्हणून पंचांनी तुम्हालाही दंड लावला किंवा तोडलं, तर तुमच्यावरचा बहिष्कार हा वेगळा गुन्हा आहे अन् त्याची तक्रार तुम्ही स्वतः देऊ शकता. अशा प्रकरणांत बहुतेक वेळा साक्षीदार मिळत नाही म्हणून केस पडते. दुसरं एक घर तक्रारीला पुढं आलं की पहिल्या घराच्या बोलण्याला आपोआप आधार मिळतो.